सॅमी वुड्स : निवास एका देशीं, अभिजन दुसऱ्या देशीं

१. विषयप्रवेश

सनदा, शकावल्या व ताम्रपट यांचें वाचन ज्या पृष्ठांतून नेहमीं होतें, तेथें क्रिकेट व रग्बी खेळणाऱ्या एका परदेशीय गड्याचें चरित्र पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. धांवफलक हें साधन कागदपत्रांच्या मानानें हलकें, अशी आपली समजूत असते. परंतु धांवफलकावरहि एक गोष्ट अगदीं काळ्यावर पांढरी लिहिलेली असते. ती म्हणजे गडी कोणत्या पक्षाकडून खेळला. एकाच माणसाचें नांव आज ऑस्ट्रेलियाच्या रकान्यांत व उद्यां इंग्लंडच्या रकान्यांत आढळूं लागलें, म्हणजे ‘अमुक माणूस अमुक देशाचा’ या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि हा प्रश्न इतिहासाचा आहे, केवळ खेळाचा नव्हे.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांस तो नवीनहि नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या चवथ्या अध्यायांतील तिसऱ्या पादांत माणसास गांवावरून वा देशावरून नांव कसें मिळतें याचा विचार करितांना ‘निवास’ आणि ‘अभिजन’ असे दोन अर्थ दोन निरनिराळ्या सूत्रांत सांगितले आहेत. पतंजलीनें त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. माणूस सांप्रत जेथें राहतो तो त्याचा निवास. त्याचे पूर्वज जेथें राहिले तो त्याचा अभिजन. एकाच मनुष्यास दोन्ही कारणांनीं दोन भिन्न नांवें मिळूं शकतात, व दोन्ही नांवें शुद्ध असतात. लगतच्याच सूत्रांत पाणिनि शस्त्रावर उपजीविका करणाऱ्या पर्वतीय लोकांची वेगळी व्यवस्था लावतो. त्यांचें नांव अभिजनावरून पडावयाचें. स्वगृह सोडून परमुलखांत पराक्रम करणाऱ्यांचे बाबतींत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, हें त्या प्राचीन आचार्याच्या ध्यानांत आलें होतें असें दिसतें.

सॅम्युएल मोझेस जेम्स वुड्स, ज्यास सर्व जग सॅमी वुड्स या नांवानें ओळखी, हा अशा मनुष्याचा नमुना आहे. तो जन्मानें ऑस्ट्रेलियन. क्रिकेटमध्यें तो प्रथम ऑस्ट्रेलियाकडून व पुढें इंग्लंडकडून खेळला. रग्बींत तो इंग्लंडकडून खेळला व त्या संघाचा कप्तानहि झाला. त्याच्या चरित्राची हकीकत देऊन, त्यास कोणत्या देशाचा म्हणावें याचा निर्णय करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. सिडनीहून केंब्रिजला

वुड्सचा जन्म ता. १३ एप्रिल १८६७ रोजीं न्यू साउथ वेल्स वसाहतींत, सिडनीच्या ॲशफील्ड भागांत झाला. त्याचें आरंभींचें शिक्षण सिडनी ग्रामर स्कूल या शाळेंत झालें. सोळा वर्षांच्या सुमारास त्यास पुढील शिक्षणासाठीं इंग्लंडांत धाडण्यांत आलें. वसाहतींतील सधन कुटुंबें आपल्या मुलांस याच रीतीनें ‘घरीं’ धाडीत. मुलगा जन्मांत प्रथमच इंग्लंडची भूमि पाहत असला तरी शब्द मात्र ‘घर’ हाच वापरीत. निवास व अभिजन यांची गांठ या एका शब्दांत पडलेली आहे.

ब्रायटन कॉलेज या शाळेंत त्याच्या जलद गोलंदाजीचा बोलबाला झाला. तेथून तो केंब्रिज विश्वविद्यालयाच्या जीझस कॉलेजांत गेला. पुस्तकी विद्येंत त्यानें नांव काढलें असें कोणीहि म्हटलेलें नाहीं. परंतु १८८८ ते १८९१ या चारहि वर्षीं ऑक्सफर्डविरुद्धच्या क्रिकेटच्या सामन्यांत तो खेळला, आणि १८८८ ते १८९० या तीन वर्षीं रग्बीच्या सामन्यांतहि खेळला. १८९० सालीं तो क्रिकेटसंघाचा कप्तान होता. त्याच वर्षीं सी. आय. थॉर्न्टनच्या संघाविरुद्ध त्यानें एका डावांतील दहाच्या दहा गडी ६९ धांवांत बाद केले.

त्याची गोलंदाजी समजण्यास दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. उंच, भरदार शरीराचा हा पुरुष अत्यंत वेगानें चेंडू टाकी. पण त्याचें खरें अस्त्र वेग हें नसून वेगांतील फसवा बदल हें होतें. त्याच धांवेनें व त्याच हातानें तो मधूनच एक संथ चेंडू सोडी, आणि फलंदाजाची फळी चेंडूच्या आधींच फिरून जाई. दुसरी गोष्ट म्हणजे यष्टीमागें उभा असलेला त्याचा मित्र ग्रेगर मॅक्ग्रेगर. हा स्कॉटलंडचा तरुण त्याच कॉलेजांत होता. वुड्सच्या वेगास इतर यष्टिरक्षक दूर मागें उभे राहते. मॅक्ग्रेगर यष्टींस खेटून उभा राही. त्यामुळें फलंदाजास पाऊल पुढें टाकण्याची सोय उरत नसे.

या मॅक्ग्रेगरचें उदाहरण आमच्या विषयास फार उपयोगी आहे. १८९१ सालीं स्कॉटलंडनें इंग्लंडला रग्बींत हरविलें. त्या सामन्यांत मॅक्ग्रेगर स्कॉटलंडकडून व वुड्स इंग्लंडकडून समोरासमोर उभे होते. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत ऑक्सफर्डविरुद्धच्या क्रिकेटच्या सामन्यांत मॅक्ग्रेगर केंब्रिजचा कप्तान होता. विजयासाठीं थोड्याच धांवा हव्या असतां केंब्रिजचे गडी भराभर बाद झाले. आठ गडी गेल्यावर वुड्स मैदानांत आला, आणि मिळालेल्या पहिल्याच चेंडूवर चार धांवा काढून त्यानें सामना जिंकला. याच मॅक्ग्रेगरनें क्रिकेटमध्यें मात्र इंग्लंडकडून कसोटी सामने खेळले. म्हणजे रग्बींत स्कॉटलंडचा असलेला मनुष्य क्रिकेटमध्यें इंग्लंडचा होता, व त्यांत कोणास कांहीं वावगें दिसलें नाहीं. ‘इंग्लंड’ या एकाच शब्दाचा अर्थ त्या दोन खेळांत भिन्न होता. रग्बींत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स हे चार स्वतंत्र पक्ष. क्रिकेटमध्यें त्या सर्वांचा समावेश व्यवहारतः एका इंग्लंडांत होई.

३. ऑस्ट्रेलियाच्या पक्षांत

१८८८ सालीं पर्सी मॅक्डॉनेल याच्या नेतृत्वाखालीं ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. दौऱ्यांत एस. पी. जोन्स या गड्यास देवी आल्या. बदली गडी सिडनीहून बोलवावयाचा तर आगबोटीनें यावयास दीड महिना लागावयाचा. केंब्रिजमध्यें शिकत असलेला एकवीस वर्षांचा वुड्स हाताशीं होता. त्यास घेण्यांत आलें. अशा रीतीनें लॉर्डस्, ओव्हल व मँचेस्टर येथील तिन्ही कसोटी सामने तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला. पहिला ऑस्ट्रेलियानें जिंकला, पुढचे दोन इंग्लंडनें. गोलंदाजीचा बहुतेक भार टर्नर व फेरिस या दुकलीनें वाहिल्यामुळें वुड्सच्या वांट्यास तीन सामन्यांत मिळून पांचच बळी आले.

येथें तीन बाबी नमूद करण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, वुड्स ऑस्ट्रेलियाकडून जे कसोटी सामने खेळला ते सर्व इंग्लंडच्या भूमीवर झाले. जन्मभूमीच्या मातींत त्यानें जन्मभूमीसाठीं एकहि कसोटी सामना खेळला नाहीं. दुसरी ही कीं, त्यास ऑस्ट्रेलियाच्या संघांत घेण्याचें कारण त्याचा अभिजन नव्हे तर निवास होतें. तो इंग्लंडांत राहत होता म्हणूनच वेळेवर सांपडला. हा विरोधाभास चमत्कारिक खरा, पण तो वस्तुस्थितींतच आहे. तिसरी बाब राजकीय आहे. त्या वेळीं ऑस्ट्रेलिया नांवाचें राज्यच अस्तित्वांत नव्हतें. सहा निरनिराळ्या वसाहती होत्या. त्यांचें एक संघराज्य ता. १ जानेवारी १९०१ रोजीं झालें. क्रिकेटचा ‘ऑस्ट्रेलिया’ संघ मात्र १८७७ पासून कसोटी सामने खेळत होता. राष्ट्र बनण्यापूर्वीं चोवीस वर्षें त्याचा क्रिकेटसंघ बनलेला होता.

त्या वर्षाच्या कामगिरीबद्दल विस्डेन या क्रिकेटच्या पंचांगानें १८८९ च्या अंकांत सहा श्रेष्ठ गोलंदाजांचा गौरव केला, त्यांत वुड्सचा समावेश होता. वर्षांतील खेळाडूंची निवड करण्याची त्या ग्रंथाची प्रसिद्ध प्रथा याच अंकापासून सुरू झाली.

४. रग्बींतील कामगिरी

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाहीं, म्हणून दोन शब्द स्पष्टीकरणार्थ लिहितों. लांबट चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेंकविणें, आणि चेंडू घेऊन धांवणाऱ्यास धरून पाडणें, हें या खेळाचें मुख्य स्वरूप. हुतूतूंतील पकडापकडी, कुस्तींतील रेटारेटी व धांवण्याची शर्यत या तिहींचा संकर म्हटला तर कल्पना येईल. प्रत्येक पक्षांत पंधरा गडी असतात. वुड्सच्या आरंभकाळीं त्यांपैकीं नऊ आघाडीचे असत. ते प्रतिपक्षाच्या आघाडीशीं डोकीं व खांदे भिडवून चेंडू रेटीत. वेल्सनें मागील फळींत एक धांवणारा अधिक ठेवून आघाडी आठांची केली, व इंग्लंडनेंहि कांहीं वर्षांनीं तोच मार्ग स्वीकारला.

वुड्स आघाडीचा गडी होता, पण केवळ रेटणारा नव्हता. झोंबीच्या कडेस राहून, ती सुटतांच झेप घेऊन प्रतिपक्षाच्या चेंडू उचलणाऱ्या गड्यास गांठावयाचें, ही त्याची रीत. पुढें या जागेस स्वतंत्र नांव व स्वतंत्र शास्त्र प्राप्त झालें. त्याच्या आद्य प्रवर्तकांत वुड्सची गणना होते. एवढ्या मोठ्या देहाचा मनुष्य एवढा चपळ असणें हीच त्यांतील विशेष गोष्ट होती.

१८९० ते १८९५ या काळांत तो इंग्लंडकडून तेरा आंतरराष्ट्रीय सामने खेळला, व त्यांपैकीं कांहींत कप्तान होता. १८९२ सालीं इंग्लंडनें वेल्स, आयर्लंड व स्कॉटलंड या तिघांसहि हरवून, संबंध मोसमांत प्रतिपक्षास एकहि गुण मिळूं दिला नाहीं. त्यांतील आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या सामन्यांत वुड्स होता. १८९३ सालीं कार्डिफ येथें वेल्सनें १२ विरुद्ध ११ अशा एका गुणानें इंग्लंडवर मात केली. आदल्या रात्रीं मैदान गोठूं नये म्हणून त्यावर निखाऱ्यांच्या शेगड्या पेटवून ठेविल्या होत्या. त्या पराभूत पक्षांतहि तो होता.

आतां कोणी विचारील कीं, तो रग्बींत ऑस्ट्रेलियाकडून कां खेळला नाहीं? उत्तर सोपें आहे. रग्बींत ऑस्ट्रेलियाचा संघच नव्हता. त्या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८९९ सालीं सिडनी येथें ब्रिटिश बेटांतून आलेल्या संघाशीं झाला. तोंपर्यंत वुड्सची रग्बींतील आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपून चार वर्षें झालीं होतीं. तेव्हां ‘त्यानें जन्मभूमि सोडून इंग्लंडची निवड केली’ असें जें सहज म्हटलें जातें, तें निदान रग्बीपुरतें खरें नाहीं. निवड करण्यास दुसरा पर्यायच नव्हता. याउलट दिशेचा प्रवासहि त्याच १८८८ सालीं घडला. वुड्स इंग्लंडांत ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळत होता, त्याच वर्षीं इंग्लंडचा विख्यात फलंदाज ए. ई. स्टॉडार्ट ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें ब्रिटिश संघांतून रग्बी खेळत होता. संघाचा कप्तान सेडन हा नदींत बुडून मरण पावल्यावर नेतृत्व स्टॉडार्टकडे आलें. एकच मनुष्य दोन्ही खेळांत निपुण असणें ही त्या काळीं अपवादात्मक गोष्ट नव्हती.

५. सॉमरसेटचा कप्तान

वुड्सचें नांव ज्या भूमीशीं कायमचें जोडलें गेलें ती भूमि सिडनीची नव्हे, केंब्रिजचीहि नव्हे. ती इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या सॉमरसेट परगण्याची. डोंगरउतार, सफरचंदांच्या बागा व लहान लहान गांवें असलेला हा शेतकरी मुलूख. मोठें शहर नाहीं, गिरण्यांचा पैसा नाहीं. १८९१ सालीं हा परगणा प्रथम श्रेणीच्या स्पर्धेंत दाखल झाला. त्याच वर्षीं टाँटन येथें त्या काळच्या बलाढ्य सरे संघास सॉमरसेटनें हरविलें. वेळ संपत आली असतां शेवटच्या षटकांत सरेचा अखेरचा गडी वुड्सनें त्रिफळाचीत केला.

१८९४ पासून १९०६ पर्यंत तो या संघाचा कप्तान होता. पदरीं गडी थोडे. बरेचसे हौशी गृहस्थ सवड मिळेल तेव्हां येत, व पुष्कळदां सामन्याच्या आदल्या दिवशीं अकरांची संख्या भरण्याचीच पंचाईत पडे. असा संघ विजेतेपद जिंकणें शक्यच नव्हतें. पण कोणत्याहि मोठ्या संघास एखाद्या दिवशीं धूळ चारण्याची त्याची ख्याति होती, आणि ती वुड्सच्या स्वभावांतून उतरली होती. सामना अनिर्णित ठेवण्यास तो तुच्छ मानी. हरण्याचा धोका पत्करून जिंकावयास जावें, ही त्याची नीति.

याचें सर्वांत मोठें उदाहरण १९०१ सालीं लीड्स येथें घडलें. यॉर्कशायरचा संघ त्या वर्षीं स्पर्धेंत अजिंक्य म्हणून मिरवत होता. सॉमरसेटचा पहिला डाव ८७ धांवांत आटोपला. यॉर्कशायरनें ३२५ केल्या. २३८ धांवांच्या पिछाडीनंतर सॉमरसेटनें दुसऱ्या डावांत ६३० धांवा काढल्या. पॅलेरेट व ब्राँड यांनीं शतकें ठोकलीं, आणि कप्तान वुड्सनेंहि चांगली भर घातली. मग यॉर्कशायरला ११३ धांवांत गुंडाळून सॉमरसेटनें २७९ धांवांनीं विजय मिळविला. त्या मोसमांत परगण्यांच्या स्पर्धेंत यॉर्कशायरचा झालेला तो एकमेव पराभव.

नशिबाची दुसरी बाजूहि त्यास पाहावी लागली. १८९५ च्या मे महिन्यांत ब्रिस्टल येथें डब्ल्यू. जी. ग्रेसनें आपलें शंभरावें शतक पूर्ण केलें, तें सॉमरसेटविरुद्ध. त्या डावांत त्यानें २८८ धांवा केल्या. दोनच महिन्यांनीं टाँटन येथें लँकेशायरच्या मॅक्लॅरेननें ४२४ धांवांचा डोंगर रचला, तोहि सॉमरसेटविरुद्धच. दोन्ही प्रसंगीं प्रतिपक्षाचा कप्तान वुड्स होता. पण त्याच वर्षीं त्यानें स्वतः ससेक्सविरुद्ध होव्ह येथें २१५ धांवा केल्या. ही त्याची सर्वोच्च धांवसंख्या. दुखापतींमुळें त्याच्या गोलंदाजीची धार कमी झाली होती, आणि ती उणीव त्यानें फलंदाजीनें भरून काढली. जलद गोलंदाज म्हणून उदयास आलेला मनुष्य अर्ध्या वाटेवर प्रमुख फलंदाज बनला, हें परिवर्तन विरळा. एकंदर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याच्या नांवावर १५,३४५ धांवा व १,०४० बळी आहेत. १८९४ सालीं लॉर्डस् येथें ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ या सामन्यांत त्यानें व एफ. एस. जॅक्सननें दोन्ही डावांत गोलंदाजी तिसऱ्या कोणाच्याहि हातीं जाऊं दिली नव्हती.

६. ‘जंटलमन’ या पदाचा अर्थ

या सामन्याच्या नांवांतच त्या काळच्या समाजाची एक किल्ली आहे. ‘जंटलमन’ म्हणजे द्रव्य न घेतां खेळणारा. ‘प्लेयर’ म्हणजे वेतनावर खेळणारा. दोघे एकाच संघांत खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानांत उतरण्याचे दरवाजे पुष्कळ ठिकाणीं वेगळे, आणि धांवफलकावर नांवें छापण्याची पद्धतहि वेगळी. कप्तानपद बहुधा ‘जंटलमन’ वर्गाकडेच जाई. हा भेद १९६२ सालीं कागदोपत्रीं रद्द करण्यांत आला.

वुड्स ‘जंटलमन’ वर्गांत मोडत होता. हिंवाळ्यांत रग्बी, उन्हाळ्यांत क्रिकेट, आणि मधून दूरदेशचे दौरे असें जीवन पोटासाठीं राबणाऱ्या मनुष्यास शक्य नव्हतें. पण हा वर्गहि सर्वस्वीं निःस्वार्थ नव्हता. ग्रेससारख्या हौशी गणल्या गेलेल्या गड्यास १८९५ च्या सन्मानवर्गणींतून नऊ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. संस्थेच्या चिटणिसाचें पद देऊन निर्धन हौशी खेळाडूची सोय लावणें, हा तर राजमार्गच होता. वुड्सनेंहि पुढें सॉमरसेटच्या चिटणिसाचें काम केलें. त्या पदाकडे याच दृष्टीनें पाहणें योग्य होईल. रग्बींत मात्र हा प्रश्न तीव्र झाला. उत्तरेकडील गिरण्यांत व खाणींत काम करणाऱ्या गड्यांस सामन्यासाठीं रोजमुरा बुडवावा लागे. त्याची भरपाई मिळावी ही त्यांची मागणी नाकारण्यांत आली, आणि १८९५ च्या ऑगस्टांत हडर्सफील्ड येथें उत्तरेच्या संस्थांनीं फुटून स्वतंत्र संघटना स्थापिली. वुड्सचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना त्याच वर्षींच्या मार्चांतला. म्हणजे ज्या अखंड रग्बीचा तो कप्तान होता, ती त्याच्या निवृत्तीनंतर अर्ध्या वर्षांत दुभंगली. त्याची कारकीर्द समजून घेतांना हें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, त्याच्या अंगच्या गुणांस वाव देणारी मोकळीक सर्वांच्या वांट्यास आलेली नव्हती.

७. इंग्लंडकडून कसोटी सामने

१८९५-९६ च्या हिंवाळ्यांत लॉर्ड हॉकच्या संघाबरोबर वुड्स दक्षिण आफ्रिकेस गेला. जेमसनच्या प्रसिद्ध धाडीमुळें तेथील राजकारण पेटलेलें असतांच हा दौरा झाला. त्यांतील तीन सामने पुढें कसोटी सामने म्हणून गणले गेले, आणि त्यामुळें वुड्स इंग्लंडचा कसोटीवीर ठरला. ऑस्ट्रेलियाकडून तीन व इंग्लंडकडून तीन, असा त्याच्या सहा कसोटी सामन्यांचा तराजू समतोल आहे. बळीहि दोन्हीकडे पांच पांच.

ऑस्ट्रेलिया व इंग्लंड या दोन्ही देशांकडून कसोटी सामने खेळलेले त्या काळचे पांच गडी सांगतां येतात : मिडविंटर, मर्डॉक, फेरिस, वुड्स व आल्बर्ट ट्रॉट. यांपैकीं मर्डॉक तर ऑस्ट्रेलियाचा कप्तान होता. मिडविंटर इंग्लंडांत जन्मलेला. तो ऑस्ट्रेलियाकडून खेळून इंग्लंडकडे गेला व पुन्हां ऑस्ट्रेलियाकडे आला. तेव्हां वुड्सचें वर्तन हा एकट्याचा लहरीपणा नव्हता. ती त्या काळची रूढी होती. इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स ही नियामक संस्था १९०९ सालीं स्थापन झाली. त्यापूर्वीं कोण कोणाकडून खेळूं शकतो हें ठरविणारी आंतरराष्ट्रीय सत्ताच नव्हती. कायद्याच्या दृष्टीनेंहि वुड्स जन्मभर ब्रिटिश प्रजाजनच होता. स्वतंत्र ऑस्ट्रेलियन नागरिकत्व १९४९ च्या जानेवारींत अस्तित्वांत आलें. सिडनी व टाँटन यांच्यामध्यें बारा हजार मैलांचा समुद्र होता. पण सीमारेषा नव्हती.

येथें एक भेद मात्र दृष्टीआड करूं नये. वुड्स इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकहि कसोटी सामना खेळला नाहीं. निवास व अभिजन यांची समोरासमोर टक्कर होण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाहीं.

८. आपल्याकडील ताळा

हाच प्रश्न आपल्या देशाशीं निगडित होऊन उभा राहतो, तेव्हां त्याचें स्वरूप बदलतें. कुमार श्री रणजितसिंहजी केंब्रिजमध्यें शिकले व ससेक्सकडून खेळले. १८९६ सालीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध लॉर्डस् येथील पहिल्या कसोटीसाठीं त्यांची निवड झाली नाहीं. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीच्या वेळीं ऑस्ट्रेलियाच्या कप्तानाची संमति विचारण्यांत आली. त्यानें आनंदानें होकार दिला, आणि रणजींनीं ६२ व नाबाद १५४ धांवा केल्या. निवास तोच, विश्वविद्यालय तेंच. पण एकाचा अभिजन गोरा असल्यामुळें दिसेनासा झाला, व दुसऱ्याचा दिसत राहिला. खुद्द वुड्सच्या मनांत असा भेद होता असें मानण्यास जागा नाहीं; १८९९ सालीं रणजींच्याच नेतृत्वाखालीं तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता.

सॉमरसेटचें नांव महाराष्ट्राच्या क्रिकेटच्या इतिहासांतहि एकदां येतें. १९११ सालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडांत गेला. त्यांत पुण्यामुंबईच्या मैदानांवर तयार झालेले पाळवणकर बंधु बाळू व शिवराम हे होते. वुड्स तोंपर्यंत खेळांतून निवृत्त झाला होता. सॉमरसेटविरुद्धच्या सामन्यांत शिवरामनें नाबाद शतक झळकावून भारतीय संघास एका गड्यानें विजय मिळवून दिला, आणि बाळूनें त्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. चर्मकार जातींत जन्मल्यामुळें याच बाळूला पुण्यांत आपल्याच संघांतील गड्यांच्या पंक्तीपासून दूर, वेगळ्या मडक्यांतून चहा घ्यावा लागला होता. आणि हिंदु संघाचें कप्तानपद त्यास अखेरपर्यंत मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळालें. इंग्लंडांतील वेगळे दरवाजे वाचून हंसणाऱ्यानें पुण्यांतील वेगळें मडकें विसरूं नये. वेतनावर खेळणाऱ्यास पैसा मिळाल्यावर तरी वर चढतां येई. जन्मावरून ठरलेल्या स्थानास तोहि उपाय नव्हता.

पुढील काळांत पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान हे प्रथम इंग्लंडकडून व नंतर १९४६ सालीं कप्तान म्हणून भारताकडून खेळले. अमीर इलाही, गुल महंमद व अब्दुल हफीझ कारदार हे तिघे प्रथम भारताकडून व फाळणीनंतर पाकिस्तानकडून खेळले. वुड्सनें देश बदलला; या तिघांचे बाबतींत देशच बदलला. ‘दोन देशांचा खेळाडू’ या एकाच सदराखालीं या सर्वांस बसविणें सोईचें असलें तरी इतिहासदृष्ट्या तें सदोष आहे.

९. अखेर व निष्कर्ष

पहिल्या महायुद्धांत पंचेचाळिशी उलटलेली असतांहि वुड्सनें सैन्यांत नोकरी पत्करली, व मिसर देशांत काम केलें. संधिवातानें पुढें त्याचें शरीर जखडलें. तरी टाँटनच्या रस्त्यांतून काठी टेकीत जाणाऱ्या या वृद्धास भेटणारा प्रत्येक मनुष्य थांबवून बोले, असें त्यास ओळखणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. १९२५ सालीं त्यानें आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ता. ३० एप्रिल १९३१ रोजीं टाँटन येथेंच त्याचा अंत झाला.

आतां मूळ प्रश्नाचा निर्णय. अभिजनावरून वुड्स ऑस्ट्रेलियन आहे. आणि त्या देशाच्या खेळांच्या इतिहासांत, क्रिकेट व रग्बी या दोन्हींत आंतरराष्ट्रीय दर्जा मिळविलेल्या आद्य पुरुषांत त्याचें नांव घालणें यथार्थ आहे. निवासावरून तो इंग्लंडचा आहे. आणि इंग्लंडच्या रग्बी-कप्तानांच्या यादींतून त्यास कोणी काढूं शकत नाहीं. दोन्ही नोंदी शुद्ध आहेत. अशुद्ध आहे ती ही समजूत कीं, एक नोंद खरी असल्यास दुसरी खोटी असलीच पाहिजे. आजच्या नियमांनीं देश बदलूं पाहणाऱ्या गड्यास ठराविक वर्षें थांबावें लागतें. ते नियम आजच्या राष्ट्रांसाठीं आहेत. ते १८८८ सालास लावून वुड्सला एकनिष्ठ वा चंचल ठरविणें म्हणजे एका शतकाच्या मापानें दुसऱ्या शतकाचें धान्य मोजणें होय.

तिसरें एक नांवहि त्यास आहे, आणि तें निवास व अभिजन या दोहोंपलीकडचें आहे. ऑस्ट्रेलियाकडून तो कांहीं आठवडे खेळला; इंग्लंडकडून क्रिकेटमध्यें एक हिंवाळा. सॉमरसेटकडून तो १८९१ पासून १९१० पर्यंत खेळला, जिंकण्याची आशा नसलेल्या संघाचें नेतृत्व त्यानें बारा वर्षांहून अधिक काळ केलें, आणि मरेपर्यंत त्याच मातींत राहिला. धांवफलकावरील रकाने मोजले तर त्याचें सर्वांत दीर्घ व सर्वांत अखंड नांव तेंच भरतें. म्हणून कोशांत व सूचींत त्याची नोंद करितांना ‘सिडनीचा जन्म, सॉमरसेटचा खेळाडू’ असें लिहावें, आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड या दोन्ही सदरांखालीं ती द्यावी, असें आमचें मत आहे.